आवाज कुणाचा? वासेदा की केइओ?

ज्यांचं कॉलेज पुण्यात झालं, त्यांनी हे शीर्षक नुसतं वाचलं नसेल, त्यांना ते ऐकूही आलं असेल. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा?' अशी आरोळी उठते आणि पुढच्याच क्षणी कॉलेजच्या नावानं छत दणाणतं. १९६३ पासून पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांनी आपला घसा तिथे बसवून घेतला आहे. मुंबईकरांना हीच गंमत माटुंग्यात भेटते. रुइया आणि पोदार अगदी शेजारी शेजारी, आणि क्रिकेटच्या मैदानावर एकमेकांसमोर.

तर मंडळी, या आरोळीचं जपानी भावंड बघायचं असेल तर फार लांब जायला नको. शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, तोक्योच्या मेइजी जिंगू स्टेडियममध्ये वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांचे बेसबॉल संघ समोरासमोर येतात. या लढतीचं नाव सोकेइसेन. वासेदाच्या पहिल्या चित्राक्षराचा दुसरा उच्चार 'सो', केइओचं 'केइ' आणि 'सेन' म्हणजे लढाई. केइओवाले मात्र हे नाव मानत नाहीत. ते म्हणतात 'केइसोसेन', म्हणजे आधी आमचं नाव! भांडणाची सुरुवात ही अशी नावापासूनच आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मुलं या दोन्ही विद्यापीठांची नावं घेऊ लागली असतील. कुणाच्या ऑफिसात साहेब केइओचे आणि त्यांच्या हाताखालचे वासेदाचे असतील. तरीही 'आपला त्याच्याशी काय संबंध?' असं आई-बाबांना वाटू शकतं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. सव्वाशे वर्षांत ही चुरस एकदा पार तुटली, पुन्हा जुळली, युद्धात सापडली आणि तरीही टिकली. ती कशामुळे टिकली, हे आपल्यासारख्या दोन मुलखांत घर असलेल्यांनी बघण्यासारखं आहे.

दोन वाडे, दोन स्वभाव

केइओची स्थापना १८५८ ची, फुकुझावा युकिची यांची. १९८४ पासून २०२४ पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा होता, तेच हे फुकुझावा. वासेदा १८८२ चं, ओकुमा शिगेनोबु यांनी काढलेलं. ओकुमा दोनदा जपानचे पंतप्रधान झाले. सुरुवातीला त्यांच्या संस्थेचं नाव तोक्यो सेनमोन गाक्को होतं, 'वासेदा' हे नाव १९०२ मध्ये आलं.

केइओचं मुख्य आवार मिता भागात, वासेदाचं आवार शिंजुकु वॉर्डात. दोन्ही एकाच शहरात, पण लोकांच्या मनात दोघांचे स्वभाव वेगळे बसले आहेत. केइओ म्हणजे शहरी, नीटनेटकं, व्यापार-उद्योगातलं. वासेदा म्हणजे थोडं रांगडं, गावाकडून आलेल्या मुलांचं, राजकारण आणि पत्रकारितेचं. हे ठोकताळे आता पूर्वीइतके खरे नाहीत, पण चेष्टामस्करीत अजून चालतात. पंतप्रधानांची मोजणीसुद्धा होते. किशिदा वासेदाचे, त्यांच्यानंतर आलेले इशिबा केइओचे. लेखक हारुकी मुराकामी वासेदाचे, आणि २०२१ पासून वासेदाच्या आवारात त्यांच्या नावाचं ग्रंथालयही आहे.

रंगही ठरलेले आहेत. वासेदाचा गडद डाळिंबी, केइओचा निळा-लाल-निळा. स्टेडियममध्ये जाताना कपडे जरा बघून घाला!

चिठ्ठी आली, मग भांडण आलं

१९०३ च्या नोव्हेंबरमध्ये वासेदाच्या बेसबॉल संघानं केइओला पत्र लिहून सामन्याचं आव्हान दिलं. वासेदाचा संघ तेव्हा अगदी नवा होता, केइओचा त्याच्यापेक्षा जुना. त्यामुळे पत्राचा सूर धाकट्यानं थोरल्याला विचारावं तसा होता. केइओनं होकार दिला आणि २१ नोव्हेंबर १९०३ ला मिताच्या मैदानावर पहिला सामना झाला. केइओ ११–९ नं जिंकलं.

त्या काळी जपानी बेसबॉलवर 'इचिको', म्हणजे सरकारी पहिल्या उच्च विद्यालयाचं राज्य होतं. १९०४ च्या जूनमध्ये लागोपाठ दोन दिवसांत आधी वासेदानं आणि मग केइओनं इचिकोला हरवलं. आता देशात अव्वल कोण, हा प्रश्न या दोघांतच उरला. १९०५ मध्ये, रशियाशी युद्ध चालू असताना, आबे इसोओ यांनी वासेदाचा संघ थेट अमेरिकेला नेला. परदेश दौऱ्यावर गेलेला हा पहिला जपानी बेसबॉल संघ. तिथे सामने जिंकले थोडे आणि हरले फार, पण येताना संघ नवी तंत्रं शिकून आला.

आणि मग १९०६ चा शरद आला. २८ ऑक्टोबरला वासेदाच्या मैदानावर केइओ २–१ नं जिंकलं. केइओच्या विद्यार्थ्यांनी आनंदाच्या भरात ओकुमांच्या घरासमोर जाऊन 'बान्झाई'च्या आरोळ्या ठोकल्या. ३ नोव्हेंबरला मितामध्ये वासेदानं ३–० नं परतफेड केली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी फुकुझावांच्या घरासमोर तशाच आरोळ्या ठोकल्या. फुकुझावांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. म्हणजे आरोळी दिवंगत गुरूच्या दारात. ती केइओवाल्यांना किती झोंबली असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

निर्णायक तिसरा सामना ११ नोव्हेंबरला ठरला होता. मारामारी होणार हे दिसत होतं. वासेदाच्या घोषणा देणाऱ्यांचा म्होरक्या योशिओका शिन्केइ याला तर लोक 'याजी शोगुन' म्हणत, म्हणजे हुर्यो उडवणाऱ्यांचा सरसेनापती. शेवटी केइओचे प्रमुख कामाता एइकिची यांच्याकडून सामना रद्द झाल्याचं कळवण्यात आलं.

रद्द झाला तो एक सामना नव्हता. त्यानंतर १९ वर्षं वासेदा-केइओ बेसबॉलमध्ये भेटलेच नाहीत. १९१४ मध्ये मेइजी विद्यापीठाला घेऊन तीन विद्यापीठांची लीग सुरू झाली, तेव्हाचा प्रकार तर हसू येण्यासारखा आहे. दोघंही मेइजीशी खेळत, पण एकमेकांशी नाही! लग्नाला दोन्ही भाऊ आले, पंगतही एकच, पण एकमेकांकडे न बघता जेवून गेले, असा हा अबोला.

लक्षात घ्या, खेळाडूंमध्ये काही बिनसलं नव्हतं. सामना बंद पडला तो प्रेक्षकांच्या आवाजामुळे.

अबोला सुटला तो नियमांनी

१९२५ मध्ये तोक्यो इम्पीरियल विद्यापीठ, म्हणजे आजचं तोक्यो विद्यापीठ, लीगमध्ये आलं आणि 'तोक्यो बिग सिक्स' तयार झाली. वासेदा, केइओ, मेइजी, होसेइ, रिक्क्यो आणि तोक्यो. बाकीच्यांनी रेटा लावला की लीग करायची तर पूर्ण करा. १९ ऑक्टोबर १९२५ ला सोकेइसेन पुन्हा झाली. वासेदा ११–० नं जिंकलं. पुढच्या वर्षी जिंगू स्टेडियम बांधून तयार झालं आणि या चुरशीला कायमचं घर मिळालं.

यानंतरचा काळ म्हणजे सोकेइसेनचं वेड देशभर पसरण्याचा. रेडिओ नवा होता आणि त्यावरून सामन्याचं धावतं वर्णन घराघरांत पोचत होतं. तिकडे ओसाकामध्ये एन्तात्सु आणि अचाको या विनोदी जोडीचा सर्वांत गाजलेला मांझाई कार्यक्रमच 'सोकेइसेन' नावाचा होता. दोन माणसांनी नुसत्या गप्पांतून हशा पिकवायचा, ही आज टीव्हीवर दिसणारी मांझाईची पद्धत रुजवणारी हीच जोडी.

आवाजाला वळण लागलं तेही याच काळात. घोषणा कुणी, केव्हा, कशा द्यायच्या हे ठरवणारं ओएन्दान, म्हणजे समर्थकांचं रीतसर पथक, उभं राहिलं. गाणी आली. केइओचं 'वाकाकी ची' १९२७ चं. त्याला तोडीस तोड म्हणून वासेदानं १९३१ मध्ये 'कोन्पेकी नो सोरा' आणलं. त्याचे संगीतकार कोसेकी युजी तेव्हा अगदी तरुण होते. पुढे हान्शिन टायगर्सचं गाणं आणि १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचं संचलन-संगीत त्यांनीच केलं. २०२० ची एनएचकेची सकाळची मालिका 'येल' ज्यांनी पाहिली, त्यांना ते ओळखीचे असतील. मजा म्हणजे १९४६ मध्ये याच कोसेकींनी केइओसाठीही 'वारे झो हाशा' हे गाणं केलं. दोन्ही बाजूंचे घसे एकाच माणसानं तयार केले म्हणा ना!

तरीही आवाज पुन्हा एकदा हाताबाहेर गेला. २२ ऑक्टोबर १९३३ ला वासेदाच्या बाजूनं मैदानात वस्तू पडू लागल्या. त्यात एक अर्धवट खाल्लेलं सफरचंद केइओच्या थर्ड बेसवर उभ्या असलेल्या मिझुहारा शिगेरु याच्याजवळ आलं. त्यानं ते उचलून परत भिरकावलं. शेवटच्या इनिंगमध्ये केइओनं सामना ९–८ असा खेचून आणला आणि वासेदाचे चिडलेले विद्यार्थी मैदानात घुसले. हे 'सफरचंद प्रकरण' आजही सांगितलं जातं. मिझुहारा पुढे योमिउरी जायंट्सचे नामांकित मॅनेजर झाले, तरी सफरचंद त्यांच्या नावामागे राहिलंच.

पण या वेळी अबोला धरला नाही. जागा वाटून दिल्या. तेव्हापासून वासेदा फर्स्ट बेसच्या बाजूला आणि केइओ थर्ड बेसच्या बाजूला, हे कायमचं ठरून गेलं. १९०६ मध्ये भांडण झालं आणि खेळ बंद पडला. १९३३ मध्ये भांडण झालं आणि नियम वाढला. आपल्या मंडळांच्या कामात ज्यांनी कधी दोन गटांच्या मधे उभं राहून पाहिलं आहे, त्यांना या दोन वाक्यांतलं अंतर कळेल.

१६ ऑक्टोबर १९४३

बेसबॉल हा शत्रूचा खेळ, म्हणून युद्धकाळात त्याच्यावर वक्रदृष्टी होती. १९४३ च्या एप्रिलमध्ये बिग सिक्स लीग बरखास्त झाली. शरद ऋतूत विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सवलत काढून घेतली गेली. विज्ञान-तंत्रज्ञानाकडची मुलं सोडली तर वीस वर्षांवरच्या मुलांना आता जावं लागणार होतं.

जाण्याआधी एकदा वासेदाशी खेळू द्यावं, असं केइओच्या मुलांना वाटत होतं. केइओचे प्रमुख कोइझुमि शिन्झो त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा शिन्किची आदल्याच वर्षी नौदलात असताना मारला गेला होता. वासेदाकडून प्रशासन तयार नव्हतं, पण बेसबॉल विभागाचे जुने मार्गदर्शक तोबिता सुइशु यांनी सामना व्हावा म्हणून जीव टाकला. जिंगू नाही, तर वासेदाचं तोत्सुका मैदान. कोइझुमि आले आणि मानाच्या जागेवर न बसता विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसले.

वासेदा १०–१ नं जिंकलं. धावफलक कुणालाच महत्त्वाचा वाटत नव्हता. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांची गाणी म्हटली. केइओच्या मुलांनी वासेदाचं, वासेदाच्या मुलांनी केइओचं. ज्या आरोळ्यांनी १९०६ मध्ये दारं बंद केली होती, तेच हे घसे. पाच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, जिंगूच्याच बाह्य उद्यानातल्या स्टेडियममध्ये पावसात विद्यार्थी-सैनिकांचं निरोपाचं संचलन झालं. आज त्या जागी नवं नॅशनल स्टेडियम उभं आहे. सामना खेळलेल्यांपैकी काही जण परतले नाहीत.

युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं. १८ नोव्हेंबर १९४५ ला, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, वासेदा आणि केइओचे आजी-माजी खेळाडू पुन्हा जिंगूवर खेळत होते. शहर जळून गेलेलं होतं, खायची भ्रांत होती, आणि तरी लोक हा सामना बघायला आले.

मुलांनो, तोत्सुका मैदान आता नाही. त्या जागी वासेदाचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. अभ्यासाला गेलात तर तुम्ही त्याच मैदानावर बसलेले असाल.

सहा सामने, एक पिचर

क्रिकेटवर वाढलेल्या आई-बाबांसाठी थोडं समजावून सांगतो. बिग सिक्समध्ये प्रत्येक दोन संघांत मालिका होते आणि दोन सामने आधी जिंकेल त्याला गुण मिळतो. बरोबरी झाली तर तो सामना पुन्हा. हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार फक्त सोकेइसेनसाठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे विजेतेपद बऱ्याचदा याच मालिकेवर ठरतं.

१९६० च्या शरदात असंच झालं. वासेदानं मालिका २–१ अशी जिंकली आणि दोघं गुणतक्त्यात बरोबरीत आले. मग निर्णायक सामना. तो ११ इनिंगनंतर १–१ आणि अंधार पडल्यानं थांबला. पुन्हा सामना. तो ११ इनिंगनंतर ०–०, पुन्हा अंधार. १२ नोव्हेंबरला सहावा सामना वासेदानं ३–१ नं जिंकला तेव्हा एकदाचं विजेतेपद ठरलं. वासेदाच्या आन्दो मोतोहिरो या पिचरनं आठवडाभरात या सहापैकी पाच सामने एकट्यानं पूर्ण टाकले. ४९ इनिंग! वेगवान गोलंदाजानं आठवड्यात पाच सामने एका टोकानं न थांबता टाकावे, तसं काहीसं. आजच्या प्रशिक्षकांना विचारलं तर ते कानांवर हात ठेवतील, आणि ते बरोबरच आहे.

बरोबर ५० वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०१० ला, दोघं पुन्हा निर्णायक सामन्यात भिडले. वासेदाकडून तेव्हा 'हातरुमालवाला राजपुत्र' साइतो युकी होता, आणि वासेदा १०–५ नं जिंकलं. ८ नोव्हेंबर २०२० ला तर कमालच झाली. नववी इनिंग, वासेदाचे दोन फलंदाज बाद, वासेदा एका धावेनं मागे. हिरुमा ताकुयानं होमरन मारला आणि सामना ३–२, विजेतेपदासकट.

आता आपलं

ऑगस्ट २०२३ आठवतो? कोशिएनच्या अंतिम सामन्यात केइओच्या शाळेच्या संघानं सेन्दाई इकुएइला ८–२ नं हरवलं आणि १०७ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. त्या दिवशी 'वाकाकी ची'च्या आवाजानं स्टेडियम भरून गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली. एवढा मोठा आवाज समोरच्या शाळकरी मुलांवर अन्याय नाही का? माजी विद्यार्थ्यांनी आवरतं घ्यायला हवं होतं का? १९०६ चा प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा उभा होता. आपल्या बाजूनं जीव तोडून ओरडायचं, पण समोरच्याच्या दारात जाऊन नाही, ही रेघ प्रत्येक पिढीला नव्यानं ओढावी लागते.

आपल्या मुलांचा विचार करताना मला हे महत्त्वाचं वाटतं. 'तू कुठला?' हा प्रश्न त्यांना शाळेपासून विचारला जातो. जपानी की भारतीय, या प्रश्नाला ती कंटाळलेली असतात, कारण त्यात निवड त्यांची नसते. 'वासेदा की केइओ?' या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीही देऊ शकतं. त्यासाठी कुळ लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. आपल्या बाजूला धाव निघाली की शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून गाणं म्हणायचं, दोन्हीकडे रीत हीच. शेजारचा हात तुमच्या खांद्यावर येतो तेव्हा तो आडनाव विचारत नाही. आणि ज्यांच्या आई-बाबांनी 'आवाज कुणाचा'ला घसा बसवला आहे, त्यांच्या मुलांना हे शिकवावं लागेल असं वाटत नाही.

जायचं कसं? निशीकसाईकरांसाठी तर हे अगदी सोपं आहे. तोझाई लाईननं निहोन्बाशी, तिथे गिन्झा लाईन पकडून गाइएनमाए, आणि पुढे काही मिनिटं चालत. हीच तोझाई लाईन न बदलता थेट वासेदा स्टेशनलाही जाते, हे जाताजाता मुलांना सांगून ठेवा. फर्स्ट बेसच्या बाजूचं तिकीट म्हणजे वासेदा, थर्ड बेसच्या बाजूचं म्हणजे केइओ. घरात दोन मतं असतील तर दोन बाजूंना बसा. डब्यात चकली-शंकरपाळे चालतील, पण सफरचंद नकोच.

शरदातली बेसबॉलची सोकेइसेन हुकली तर २३ नोव्हेंबर आहे. त्या दिवशी रग्बीची सोकेइसेन असते. १९२२ मध्ये पहिला सामना ठरवताना जुन्या हवामान-नोंदी पाहून पाऊस क्वचितच पडणारा दिवस म्हणून ही तारीख निवडली होती. ती तारीख आजवर धरून ठेवली आहे. बेसबॉलचा अबोला सुटायला अजून तीन वर्षं होती, तेव्हा रग्बीनं आधी बोलणं सुरू केलं होतं.

बेसबॉल बघायला गेलात तर एक मात्र करा. शेवटचा फलंदाज बाद झाला की लगेच उठू नका. दोन्ही बाजूंची ओएन्दान पथकं सरळ उभी राहतात. आधी आपल्या विद्यापीठासाठी घोषणा होते, आणि मग समोरच्यासाठी. 'फुरे, फुरे' आणि पुढे प्रतिस्पर्ध्याचं नाव, तेवढ्याच जोरात. हरलेल्या बाजूकडूनही. तुमच्या शेजारी बसलेली तुमची मुलगी किंवा मुलगा त्या वेळी कुणाचं नाव घेतो, ते बघा. त्या एका मिनिटात दोन्ही नावं घ्यायची असतात.

शुभ दीपावली!